काळा दोरा, पांढरा दोरा

एखादी गोष्ट विचारायची तर आमचे साहेब ती दोघांना विचारायचे, आणि तेही दोघांना वेगवेगळं गाठून. किती वाजले, हेसुद्धा. मी घड्याळ बघून सांगितलं की मान हलवायचे आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कामावरच्या सोमीला विचारायचे. सोमीकडे घड्याळ नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून सावलीकडे बघायची आणि सांगायची. तिचं नि माझं जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर तिसरा माणूस शोधायला निघायचे.

“एकाचं उत्तर म्हणजे अफवा असते, बाई,” ते म्हणायचे. “दोघांचं जुळलं की माहिती.”

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काम केलं. त्यांतली पाच वर्षं त्यांचा माझ्यावर संशय होता आणि माझा त्यांच्यावर.

आमचं केंद्र पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी होतं. केंद्र म्हणजे काय, तर हिरव्या जाळीच्या तीन शेड, एक विहीर आणि पत्र्याचं ऑफिस. एका बियाणं कंपनीने ते चालवायला घेतलं होतं. ते तिथले शास्त्रज्ञ, एकटेच. मी हजेरी, नोंदी, खरेदी आणि पत्रं टाइप करणं बघायची. कामाला जवळच्या कातकरी वाडीतल्या सहा बाया यायच्या. सोमी त्यांची पुढारी. टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या दिवशी उघडून आतला पिवळा सुळका चिमट्याने अलगद ओढून काढायचा, म्हणजे फुलाने स्वतःचाच पराग धरू नये; दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिथे टेकवायचा, आणि देठाला दोरा बांधायचा. हे काम आमच्याकडे सोमीइतकं स्वच्छ कुणाला येत नव्हतं. मलाही नाही, आणि मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली.

त्यांचा सगळा जीव पानात. फळाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. फळ किती मोठं, किती गोड, किती टिकतं, हे कंपनीचे प्रश्न. त्यांचा प्रश्न एकच: पानाच्या कडेला दाते का पडतात आणि का पडत नाहीत. नेहमीच्या टोमॅटोचं पान कातरल्यासारखं असतं. आमच्याकडे एक वाण होता, त्याचं पान बटाट्याच्या पानासारखं, कडा सरळ. बाया त्याला ‘बोडकं पान’ म्हणायच्या. ते चिडायचे. “सपाट म्हणा! बोडकं काय?” मग बाया त्यांच्यासमोर सपाट म्हणायच्या आणि पाठ वळली की बोडकं.

“एकच जनुक आहे,” ते सांगायचे. ऐकणारी मी असेन, नाही तर विहिरीचा पंप दुरुस्त करायला आलेला माणूस. “अख्ख्या रोपाचं बाकी सगळं तेच. पण पानाची कड कशी वळायची, हे एका जागी ठरतं. आईकडून ‘दाते नकोत’ आणि बापाकडूनही ‘दाते नकोत’, अशा दोन साक्षी झाल्या, तरच पान सपाट. एकाने जरी ‘दाते हवेत’ म्हटलं, की दाते पडलेच. सपाट पानाला दोघांची साक्ष लागते.”

साक्ष, पुरावा, डाव, फितूर हे त्यांचे नेहमीचे शब्द. मला वाटायचं, हा माणूस चुकून शेतीकडे आला, कोर्टात जायचा होता.

पण त्यांच्या संशयी स्वभावाला या पानाचा उपयोग फार होता. कंपनीला हवं होतं संकरित बी. ते आई घ्यायचे सपाट पानाची आणि बाप दातेरी पानाचा. त्या बीची रोपं वाढवली की तिसऱ्या-चौथ्या पानाला सगळं उघड व्हायचं. सगळी दातेरी निघाली तर काम चोख. एखादं सपाट निघालं की समजायचं, त्या कळीतला सुळका नीट निघाला नव्हता, फुलाने स्वतःचाच पराग धरला. म्हणजे कोणत्या बाईने कोणत्या दिवशी हयगय केली, हे रोप दोन महिन्यांनी येऊन सांगायचं. दुसरे साहेब लोक कॅमेरे लावतात. यांनी पान लावलं होतं.

बियांच्या कपाटाला कुलूप होतंच. त्यावर कागदाची पट्टी, पट्टीवर सही, सहीवर तारीख. सकाळी येऊन भिंगातून पट्टी बघायचे. चहा स्वतःच्या थर्मासमधला. कपड्यांतही बदल नको म्हणून एकसारखेच घालत असावेत असं मी एकदा घरी म्हणाले होते, कारण सहा वर्षांत मी त्यांना पांढरा शर्ट आणि काळी पँट सोडून दुसऱ्या कशात पाहिलं नाही. खांदा कॉलनीत माझ्या दोन इमारती सोडून ते एकटेच राहायचे. संध्याकाळी भाजीवाल्यापाशी दिसायचे. हा टोमॅटोचा शास्त्रज्ञ टोमॅटो घेताना एकेक फळ अंगठ्याने दाबायचा, देठाशी नाक लावून हुंगायचा आणि भाजीवाल्याला विचारायचा, “पिकलाय ना?”

“साहेब, डोळ्यांसमोर हाय, बघा की!” भाजीवाला ओरडायचा. “दाबून दाबून भरीत करताय काय?”

मग ते शेजारच्या गिऱ्हाइकाला विचारायचे. मला वाटायचं, किती हा अविश्वास. टोमॅटोवरसुद्धा.

एकदा त्यांच्या नोंदवहीत मला काही आकडे चुकीचे दिसले. मी तांबड्या पेनाने बाजूला बरोबर आकडे लिहून ठेवले. त्यांनी वही माझ्यापुढे आपटली. “काळ्यावर काळ्यानेच काय गिरबटून ठेवलंय? कोणती ओळ माझी, कोणती तुमची?” मी समजले, माझ्या अक्षरावरचा टोमणा. चार दिवस बोलले नाही. त्या चार दिवसांत मी मनाशी ठरवून टाकलं की हा माणूस आकड्यांत काहीतरी लपवतो आहे, आणि दाखवून दिलं की अंगावर येतो.

दोऱ्याचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या दोऱ्यामुळे झालं.

संकर केलेल्या फुलाला पांढरा दोरा, आणि आईचंच बी पुढच्या वर्षासाठी हवं म्हणून स्वतःच्या परागावर धरू दिलेल्या फुलाला काळा दोरा, ही त्यांची पद्धत. गेली कित्येक वर्षं तीच. पांढरा दोरा महिन्याभरात मातीने काळपट व्हायचा, काळा उन्हाने विटून राखाडी. बाया कुरकुर करायच्या. त्या वर्षी टपाल नाक्यापाशी शिवणसामानाच्या दुकानात मी रिळं घ्यायला गेले, तर दुकानातले चाचा म्हणाले, “बाई, दरसाल काळा-पांढरा काय नेता? कुणाच्या मय्यतीला जाताय? जरा रौनक येऊ द्या. लाल-हिरवा न्या, पक्का रंग. धुतला तरी जायचा नाही, माझी जबान.”

मला पटलं. मी व्यवहाराचं बघणारी बाई. विटकरी तांबडा आणि मेंदीसारखा हिरवा घेतला. हिरवा संकराला, तांबडा दुसऱ्याला. बायांना आवडला.

मी रिळं त्यांच्या टेबलावर ठेवली आणि भांडणाच्या तयारीने उभी राहिले. पेनाची टोपी बदलली तरी चौकशी लावणारा माणूस. त्यांनी रिळं हातात घेतली, उलटीसुलटी केली, बराच वेळ बघितली. मग विचारलं, “काळा-पांढरा मिळाला नाही?”

“मिळत होता. पण हा जास्त चांगला. लांबून ओळखू येतो.”

ते काहीच बोलले नाहीत. एका रिळाच्या कडेला नखाने खाच पाडली आणि दोन्ही परत दिली.

हे गप्प बसणं मला खटकलं. जो माणूस वेळ दोघांना विचारतो, तो वर्षानुवर्षांची पद्धत मोडली तरी एक शब्द बोलत नाही? मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, “यात काहीतरी आहे.” तो म्हणाला, “तुलाही त्यांची लागण झाली.”

हिवाळाभर काम झालं. कळ्या सोमीने केल्या, दोरे सोमीने बांधले. फळं तोडायचं काम मात्र ते कुणाला देत नसत. “बी माझ्याच हातातून जाईल,” हा नियम. शेडचं दार आतून लावून घ्यायचे, एकटेच दोरा बघून फळं दोन क्रेटमध्ये तोडायचे, आणि प्रत्येक फळाचा दोरा कापून पाकिटात टाकायचे. एका पाकिटावर ‘संकर’, दुसऱ्यावर ‘स्व’. पाकिटं चिकटवून वर सही. पुरावा.

मार्चमध्ये त्या बियांची चाचणी लावली. दोन प्रकारचे ट्रे. चौथं पान आलं आणि त्यांनी मला हाक मारली.

संकराच्या ट्रेमध्ये जवळजवळ निम्मी रोपं सपाट पानाची होती. एक-दोन नाही, निम्मी. मी म्हटलं, “सोमीच्या हातून असं होणार नाही.”

“थांबा,” ते म्हणाले. “हा दुसरा ट्रे बघा.” दुसरा आईच्या स्वतःच्या बियांचा. त्यात सगळी सपाट असायला हवी होती. तर त्यातही निम्मी दातेरी.

ते खुर्चीत बसले आणि बोटं जुळवून बोलायला लागले. मला त्यांचा तो आवाज अजून आठवतो. शांत, सरळ.

“पहिला ट्रे बिघडला असता तर मी म्हटलं असतं, हयगय. कळीतलं काढायचं राहिलं. पण हयगयीने दुसरा ट्रे बिघडत नाही, बाई. तिथे दातेरी पान आलं म्हणजे बाहेरचा पराग कुणीतरी नेऊन लावला. एक ट्रे चुकला तर आळस. दोन्ही चुकले तर डाव. तिला कुणीतरी फितवलंय.”

तर्क बिनचूक होता, हे मला कबूल करावं लागेल. आणि खरं सांगायचं तर मलाही सोमीचा संशय आला. महिनाभर एक मोटरसायकलवाला फाटकाशी येऊन तिच्याशी बोलत उभा राहायचा. मी विचारलं तर म्हणाली होती, “दीर हाय. जासईला कंटेनरच्या गोदामात लागलाय.” तेव्हा पटलं होतं. आता पटेना. संशयाचं असं असतं, आधीच्या साध्या गोष्टी परत येऊन रांगेत उभ्या राहतात.

त्यांनी सोमीला बोलावलं. ती दारात उभी राहिली, हात मातीचे.

“कुणी सांगितलं तुला हे करायला?”

“काय करायला?”

“दोन्हीकडचा पराग मिसळायला.”

“मी नाय मिसळला.”

“ट्रे सांगतोय.”

“ट्रे बोलतो काय?” सोमी म्हणाली. “मी बोलतेय, तां ऐका. हिरवा तो हिरवा बांधला, तांबडा तो तांबडा. एक कळी नाय चुकली माजी.”

“उद्यापासून येऊ नकोस. वर पत्र जाईल. मग पोलीस काय विचारायचं ते विचारतील.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली ट्रेकडे बघितलं. ती गेली, आणि तिच्यामागे बाकीच्या पाचही चिमटे टेबलावर ठेवून गेल्या. सहा चिमटे. मी ते मोजून खोक्यात ठेवले, कारण ते माझं काम.

सोमीचं काय जाणार होतं ते मला माहीत होतं. दिवाळीनंतर तिच्या वाडीतली बहुतेक घरं बंद होतात. माणसं पोराबाळांसकट वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. या सहा जणींची घरं तेवढी उघडी राहायची, कारण त्यांना आमच्याकडे बारमाही काम. म्हणून सोमीची मुलगी आठवीपर्यंत पोचली होती. वर ‘फितूर’ हा शिक्का बसला असता तर आसपासच्या एकाही रोपवाटिकेत तिला उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पत्र सांगत होते आणि मी टाइप करत होते. “सदर महिलेने बाह्य व्यक्तीच्या सांगण्यावरून,” इथपर्यंत आलो. मग ते म्हणाले, “खाली लिहा, सोबत: दोऱ्यांची पाकिटं दोन. आतले दोरे मोजून आकडा टाका. फळांच्या संख्येशी जुळला पाहिजे.”

मी सही केलेली कड फाडून ‘संकर’चं पाकीट टेबलावर उपडं केलं. मोजायला लागले आणि थांबले. दुसरं पाकीट उपडं केलं.

“सर, यात तांबडे आहेत.”

“कशात?”

“संकरात. आणि दुसऱ्यात हिरवे आहेत. मिसळलेत.”

ते उठून माझ्या बाजूला आले. दोन्ही ढिगांवर वाकले. खिशातून भिंग काढलं.

“कुठे?” ते म्हणाले.

विटकरी तांबडे दोरे पांढऱ्या कागदावर पडलेले. आंधळ्यालाही दिसावेत असे, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. मी एक तांबडा आणि एक हिरवा उचलून शेजारी शेजारी ठेवला. ते भिंगातून या दोऱ्याकडे, मग त्या दोऱ्याकडे बघत राहिले. पंख्याने दोरे हलायला लागले तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवला.

मला एकदम सगळं आठवलं: तांबडं पेन, अंगठ्याने दाबलेले टोमॅटो, पांढरा शर्ट, काळी पँट, रिळावरची खाच. रिळावर खाच पाडता येते. कापलेल्या दोऱ्याला खाच नसते.

“बाई, दार लावा,” ते म्हणाले.

मी दार लावलं. ते बसले नाहीत.

“माझ्या आईच्या वडिलांना होतं. आईला नव्हतं. आईने ते आणून मला दिलं. पानाला दोघांची साक्ष लागते. मुलाला या बाबतीत एकट्या आईची पुरते.” मग म्हणाले, “नोकरीच्या तपासणीत रंग ओळखायला ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात. ते मी पाठ केलं होतं. पान किती, आकडा किती.”

“म्हणून पानाचा अभ्यास?”

“आकार दिसतो ना,” ते म्हणाले. “आकारात मला कुणी फसवू शकत नाही.”

“दोरा मी बदलला,” मी म्हटलं. “तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलणार होतो? टोमॅटोच्या शास्त्रज्ञाला तांबडं दिसत नाही, हे?”

मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग आला. आदल्या दिवशी त्या दारात उभी राहून सोमी हिरवा तो हिरवा, तांबडा तो तांबडा असं सांगत होती, आणि या माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नाही की दोरा पाहणारे डोळे आपलेच आहेत. सगळ्या जगाची तपासणी झाली, तेवढी एक जागा राहिली. आणि राग माझाही मला आला, कारण मी ट्रेकडे बघत उभी होते.

“पत्राचं काय करू?” मी विचारलं.

ते खिडकीशी गेले. जाळीचा हिरवा उजेड त्यांच्या शर्टावर पडला होता, त्यांना तो कसला दिसत होता कोण जाणे. म्हणाले, “पुसा. नवीन घ्या. लिहा: फळं तोडताना दोऱ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली. महिला कामगारांचं काम निर्दोष आहे. हंगाम वाया गेल्याची जबाबदारी माझी.”

“कारण?”

“कारण लिहायचं नाही.”

मी नाही लिहिलं. पण म्हटलं, “वर पत्र गेलं म्हणून सोमी येणार नाही. तिला पत्र वाचता येत नाही. तुम्हाला जावं लागेल.”

“तुम्ही सांगा.”

“एकाचं सांगणं म्हणजे अफवा,” मी म्हटलं.

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते वाडीवर आले. मांडीवर दोन्ही ट्रे. का घेतले, विचारलं तर म्हणाले, “पुरावा.” खड्ड्याखड्ड्याला ट्रेमधला काथ्याचा भुसा माझ्या पाठीवर सांडत होता.

सोमी अंगणात मिरच्या निवडत बसली होती. बाकीच्या बायाही तिथेच. कुणी उठलं नाही. कुणी बसा म्हटलं नाही.

त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवले. “चूक माझी आहे,” म्हणाले.

“कशी?” सोमीने मान वर केली नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोंगराकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून दोन दोरे काढले. “यातला तांबडा कुठला, मला कळत नाही. मी तोडताना मिसळले.”

बायांना आधी कळेचना. सोमीने सुपातल्या दोन मिरच्या उचलून त्यांच्यापुढे धरल्या, एक हिरवी, एक पिकून लाल झालेली. “पिकली कंची?”

त्यांनी दोन्ही दाबून बघायला हात पुढे केला.

“हात नाय लावायचा,” सोमी म्हणाली. “बघून सांगा.”

ते बघत राहिले. “ही,” म्हणाले, आणि हिरवीकडे बोट केलं.

एकजण फिसकन हसली. मग दुसरी पुढे आली. “माजं लुगडं कंच्या रंगाचं, सायेब?” “माज्या बांगड्या?” “तो कोंबडा?” ते प्रत्येकीला उत्तर देत गेले. दोन बरोबर आली, चार चुकली. चुकलं की बाया हसायच्या, आणि ते परीक्षेला बसलेल्या माणसासारखे हात मागे बांधून पुढच्या प्रश्नाची वाट बघायचे. पळाले नाहीत, एवढं खरं. त्यांची मान घामाने भिजली होती. सोमी मात्र हसत नव्हती.

“पोलीस बोललात तुमी,” ती म्हणाली.

“बोललो.”

“माजी पोर घरात व्हती. तिच्यापर्यंत गेलां तां.”

“पत्र पाठवलंय,” एवढंच म्हणाले. “तुझं काम निर्दोष आहे असं लिहिलंय. बाईंनी टाइप केलंय. विचार त्यांना.”

तिने मला विचारलं नाही. मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं.

“येईन. पण तोडणी आमी करू. तुमी शेडात यायचा नाय तेव्हा.”

“बी माझ्या हातातून...”

“मग नाय येत.”

मी सांगते, बियांच्या कपाटाची किल्ली मागितली असती तरी त्यांना इतकं जड गेलं नसतं.

“दोघी तोडतील,” शेवटी ते म्हणाले. “वेगवेगळ्या. मग जुळवायचं.”

“जुळवा,” सोमी म्हणाली. “आनि दोरा?”

“काळा-पांढरा,” मी म्हटलं.

“हिरवा-तांबडा बरा व्हता,” दोऱ्याकडे बघत सोमी म्हणाली, “पन असूं दे.”

वरून कडक उत्तर आलं. एक अख्खा हंगाम गेला होता, त्यांना ते ऐकून घ्यावं लागलं. कारण कुणीच विचारलं नाही. वाडीतल्या बायांनी हे बाहेर कुठे सांगितलं नाही. याचं कौतुक करावं असं काहींना वाटेल. मला वाटतं, त्यांना बाहेरचं कुणी कधी काही विचारतच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात सोमीने आणि आणखी एकीने वेगवेगळी फळं तोडली. ते शेडच्या बाहेर स्टुलावर बसून राहिले, आत वाकून बघायचं नाही म्हणून पाठ करून. त्या बियांच्या ट्रेमध्ये चौथं पान आलं तेव्हा त्यांनी एकेक रोप भिंगातून बघितलं. मग मला बोलावून बघायला लावलं. मग सोमीला. संकराच्या ट्रेत सगळी पानं दातेरी होती, दुसऱ्यात सगळी सपाट. “जुळलं,” म्हणाले, आणि कपाटाला पट्टी चिकटवायला गेले. ती सवय काही सुटली नाही.

त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. वरून एक साहेब आला, चार वाक्यं बोलला, खांद्यावर शाल टाकून गेला. मे महिन्यातलं पनवेल आणि लोकरीची शाल. साहेबाची गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी शाल काढून घडी केली आणि माझ्या टेबलाशी आले.

“बाई, रंग कोणता?”

“तांबडा,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. शालीकडे बघितलं. मान हलवली आणि शाल काखेत मारून पलीकडच्या शेडकडे चालायला लागले. मला काम होतं तरी मी मागे गेले.

सोमी ट्रे धूत होती.

“सोमी, ही शाल कशी आहे?”

तिने हात पदराला पुसले, कापड चिमटीत धरून बघितलं. “गरम हाय.”

“रंग विचारतोय.”

“बाई काय बोलल्या?”

“ते तुला कशाला? तू तुझं सांग.”

सोमीने एकदा माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, ही आता हिरवी म्हणणार, आणि म्हणाली असती तर मी काही बोलले नसते.

“तांबडी हाय,” ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांनी ती अंगावर घेतली.